तराजूचा पासंग

माझे अब्बा आठवडी बाजारात धान्य विकायचे. तोलण्याआधी ते रिकामा तराजू उचलून धरत. पारडी वरखाली झाली, तर हलक्या बाजूला खडा बांधत. 'आधी पासंग पाहावा, मग वजन टाकावं,' असं ते म्हणत. कॉलेज प्रवेशासाठी अमेरिकेत घेतल्या जाणाऱ्या 'सॅट' परीक्षेचा इतिहास वाचताना मला तो तराजू आठवला.

पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने लाखो जवानांची बुद्धिचाचणी घेतली. इंग्रजी वाचता येणाऱ्यांना त्यात एक प्रश्न होता : क्रिस्को म्हणजे औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाण्याचा पदार्थ? क्रिस्को म्हणजे तिथला डालडाच! परदेशातून नुकत्याच आलेल्या माणसाला तो कुठून माहीत असणार? पण अशा चाचण्यांच्या गुणांवरून प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ साली निष्कर्ष काढला, की उत्तर युरोपीय वंशाचे लोक उपजतच अधिक बुद्धिमान असतात. अमेरिकेत जास्त वर्षं राहिलेल्यांना जास्त गुण मिळतात, हे त्यांच्याच आकडेवारीत होतं. त्याचाही अर्थ त्यांनी वंशाकडेच नेला.

याच ब्रिगहॅम यांच्या देखरेखीखाली २३ जून १९२६ रोजी पहिली 'सॅट' झाली. सुमारे ८ हजार विद्यार्थी बसले. पुढे १९३० साली मात्र आपलं ते संशोधन निराधार होतं, असं त्यांनी स्वतःच छापून जाहीर केलं. असं लिहायला धैर्य लागतं.

परीक्षा मात्र थांबली नाही. हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कोनंट यांनी १९३०च्या दशकात श्रीमंती शाळांबाहेरची हुशार मुलं शोधून शिष्यवृत्त्या देण्यासाठी तीच वापरली. पुढे महागड्या शिकवण्या आल्या आणि पैसेवाल्यांचं पारडं पुन्हा जड झालं. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०२१ साली हे गुण प्रवेशातून बाद केले. उलट, एमआयटीने २०२२ साली परीक्षा पुन्हा सक्तीची केली. या गुणांशिवाय गरीब घरातली तयारीची मुलं ओळखणं अवघड जातं, असं तिचं म्हणणं होतं.

म्हणजे एकच तराजू कुणाला दार उघडून देतो, तर कुणाला अडवतो. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका दिली, की न्याय झाला असं आपणही मानतो. पण मुलाची शाळा कोणती, घरची भाषा कोणती, शिकवणीला पैसे होते का, हा पासंग कोण पाहणार? अब्बांनी तराजू कधी फेकून दिला नाही. पण रिकामा उचलून पाहिल्याशिवाय त्यावर कधी विश्वासही ठेवला नाही.