विलायती महॉगनी खुर्च्या : घाट आणि कर्ता

सातारा व सांगली येथील जुन्या वाड्यांत कागदांच्या दप्तरांप्रमाणेंच जुनें लांकडी सामानहि संग्राहकांस पाहावयास मिळतें. त्यांत कोरींव पाठीची भोजनाची खुर्ची दिसली कीं, ती प्रसिद्ध इंग्रज कारागीर चिपेंडेल याच्या हातची, असें म्हणण्याचा मोह होतो. हें विधान कागदांच्या कसोटीस लावून पाहणें अवश्य आहे.

थॉमस चिपेंडेल (इ. स. १७१८-१७७९) यानें इ. स. १७५४ त लंडन येथें लांकडी सामानाच्या आकृतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तो पाहून कोणाहि कुशल सुतारास तशी खुर्ची घडवितां येई. तेव्हां ‘चिपेंडेल’ हें बहुधा घाटाचें नांव होय, कर्त्याचें नव्हे. तो आपल्या सामानावर शिक्का मारीत नसे; गिऱ्हाइकांच्या दप्तरांत राहिलेल्या हिशेबांवरूनच त्याचीं कामें निश्चित झालीं आहेत. याउलट लँकेस्टर येथील गिलो पेढीचा शिक्का कांहीं सामानावर आढळतो. शिवाय इ. स. १७८४ पासूनच्या तिच्या वह्यांत सामानाची आकृति, लांकूड, खर्च व कारागिरांचीं नांवें नमूद आहेत. खुर्चीच्या इतिहासास अस्सल साधन तें हेंच.

आतां कालक्रम पाहूं. छत्रपति प्रतापसिंह महाराजांची इंग्रजांनीं साताऱ्यास स्थापना केली ती इ. स. १८१८ त, ग्रँट डफ तेथें कंपनीचा अधिकारी झाला तोहि त्याच वर्षीं. म्हणजे चिपेंडेलच्या मृत्यूस तेव्हां ३९ वर्षें लोटलीं होतीं. चिंतामणराव पटवर्धनांनीं मिरजेहून वेगळे होऊन सांगलीस राजधानी केली तीहि इ. स. १८०१ त. जुनी खुर्ची मागाहून येणें अशक्य नाहीं. परंतु तसें म्हणणारानें खरेदीचा अगर नजराण्याचा कागद दाखविला पाहिजे.

लांकूडहि साक्ष देतें. इंग्रज कारागिरांची महॉगनी वेस्ट इंडीज बेटें व मध्य अमेरिका येथून येई. हिंदुस्थानांत तिचीं रोपें कलकत्त्याच्या बागेंत आलीं तीं इ. स. १७९५ त. आपल्याकडील सुतार शिसवी व सागवानी लांकूड वापरीत. शिसवी खुर्ची विलायती घाटाची असली तरी ती येथील कारागिराची कृति समजावी, व त्या दृष्टीनें तिचें मोल कमी लेखूं नये. टोंकदार स्क्रू मुळचाच असल्यास ती खुर्ची १९ व्या शतकाच्या मध्यापूर्वींची नसावी.

संग्राहकांनीं बैठकीखालील चौकट तपासल्यावांचून रोगण देऊं नये. त्याखालीं शिक्का बुजतो. आणि घराण्याचा जमाखर्च रद्दी म्हणून विकूं नये. तो कागद गेला म्हणजे खुर्ची राहते, पण तिचा इतिहास जातो.