लॅपटॉप निद्रिस्त, पडदा मात्र जागा!

लॅपटॉपचे झाकण मिटले की संगणक झोपी गेला, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात काही वेळा झाकणाच्या फटीतून उजेड झिरपत राहतो आणि बॅगेत ठेवलेले यंत्र तापून बॅटरी रिकामी होते. काही वेळा याच्या उलट घडते. जाग आल्यावर पंखा फिरतो, दिवा लागतो, पण पडदा काळाच. अशा वेळी घाबरून पॉवरचे बटण दाबून धरले जाते आणि सेव्ह न केलेले काम हातचे जाते.

मुळात एलसीडी पडदा स्वतः प्रकाश देत नाही. चित्र घडविणारा थर वेगळा आणि त्यामागून उजेड टाकणारा बॅकलाइट वेगळा. जुन्या यंत्रांत बारीक फ्लुओरोसंट नळी असे, आता एलईडी असतात. (ओएलईडी पडद्यास बॅकलाइटच नसतो.) म्हणून पडदा काळा दिसल्यास त्यावर विजेरीचा झोत तिरपा टाकून पाहावा. अंधूक अक्षरे दिसली, तर चित्र शाबूत असून केवळ बॅकलाइट पेटलेला नाही. प्रथम उजेड वाढविण्याची कळ दाबावी. प्रखरता कधीकधी शून्यावरच अडकलेली असते. तेवढ्याने न भागल्यास बाहेरचा मॉनिटर जोडून काम सेव्ह करावे, मगच यंत्र बंद करावे.

असे का होते? १९९६ साली आलेल्या ‘एसीपीआय’ या मानकातील ‘एस-३’ निद्रेत जवळपास केवळ मेमरीला वीज मिळते. जाग येताना ग्राफिक्सची जुळणी नव्याने करावी लागते व ते काम मुख्यतः ड्रायव्हरचे. त्यामुळे पहिला संशय त्याच्यावरच घ्यावा आणि लॅपटॉपच्या उत्पादकाने दिलेली नवी आवृत्ती बसवावी. अलीकडच्या बऱ्याच विंडोज यंत्रांत मात्र ‘एस-३’ऐवजी ‘मॉडर्न स्टँडबाय’ असते. त्यात पडदा विझतो, पण संगणक अर्धवट जागाच राहतो. काळा पडदा म्हणजे गाढ झोप, असे तेथे मुळीच समजू नये.

झाकण मिटूनही उजेड राहत असेल, तर आधी सेटिंग पाहावे. विंडोजमध्ये बॅटरीवर असताना आणि चार्जर जोडलेला असताना झाकण मिटल्यावर काय करावे, हे वेगवेगळे ठरविता येते. दुसऱ्या ठिकाणी ‘काहीही करू नये’ असे निवडलेले असू शकते. ते ठीक असल्यास मेनूतून ‘स्लीप’ निवडावे. तेव्हा उजेड विझला, तर दोष झाकणाच्या सेन्सरचा. हा सेन्सर सहसा लोहचुंबकाच्या आधारे चालतो. एकावर एक ठेवलेल्या लॅपटॉपपैकी खालच्यातील चुंबकामुळे वरचा विनाकारण झोपल्याचे प्रकारही घडतात!

झाकण ठराविक कोनात येताच उजेड जात असेल, तर बिजागरीतून जाणारी केबल झिजलेली असण्याचा संभव अधिक. दुरुस्तीवाल्याने संपूर्ण पडदा बदलण्याचा सल्ला दिला, तरी ती केबल आधी तपासून घेण्याचा आग्रह धरावा.