अप्टन सिंक्लेअर यांची कादंबरी आणि कामगारांवरील अन्याय : एक ऐतिहासिक आकलन

प्रस्तावना :
इतिहासलेखनात ललित साहित्य हे दुय्यम साधन मानले जाते. तथापि एखादी कादंबरी कायदा होण्यास कारणीभूत ठरते, तेव्हा तिचा विचार ऐतिहासिक घटना म्हणूनच करावा लागतो. अमेरिकन कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर (१८७८-१९६८) यांची 'द जंगल' ही कादंबरी याचे ठळक उदाहरण होय. तिच्यामुळे कोणता अन्याय दूर झाला व कोणता तसाच राहिला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

लेखनाची पार्श्वभूमी :
बाल्टिमोर येथे जन्मलेल्या सिंक्लेअर यांनी घरचे दारिद्र्य आणि आजोळची श्रीमंती बालपणीच अनुभवली. १९०४ मध्ये शिकागोतील मांस-कारखान्यांच्या कामगारांचा संप अयशस्वी झाला. त्यानंतर सिंक्लेअर यांनी सुमारे सात आठवडे तेथील कामगारांमध्ये राहून माहिती जमविली. ही कादंबरी १९०५ मध्ये 'अपील टू रीझन' या समाजवादी साप्ताहिकातून क्रमशः आणि १९०६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. लिथुआनियातून आलेल्या युर्गिस रुडकुस या कामगाराचे कुटुंब दुखापत, बेकारी व फसवणूक यांमुळे कसे उद्ध्वस्त होते, हा तिचा विषय आहे.

कायदा आणि कामगार :
वाचक हादरले ते मात्र दूषित मांसाच्या वर्णनाने. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी चौकशी करविली आणि ३० जून १९०६ रोजी मांसतपासणी व शुद्ध अन्न-औषध असे दोन कायदे संमत झाले. त्यांत वेतन, कामाचे तास वा अपघात यांविषयी तरतूद नव्हती. तपासणीचा खर्चही कारखानदारांऐवजी सरकारी तिजोरीवर पडला. वाचकांना कामगाराच्या दुःखापेक्षा स्वतःच्या अन्नाची चिंता अधिक वाटली, याची खंत सिंक्लेअर यांनी व्यक्त केली. याचे कारण उघड आहे. दूषित मांस प्रत्येक मतदाराच्या ताटात पोहोचत होते. स्थलांतरित कामगाराची व्यथा त्याच्या वस्तीबाहेर पोहोचत नव्हती. संघटनेच्या हक्काला १९३५ च्या आणि किमान वेतन व कामाच्या तासांना १९३८ च्या संघीय कायद्याने संरक्षण मिळाले. त्यामागे महामंदी आणि कामगार चळवळ यांचा रेटा होता.

सिंक्लेअर यांच्या न्यायदृष्टीलाही मर्यादा होती. संपकाळात कामावर आणलेल्या कृष्णवर्णीय मजुरांचे त्यांचे चित्रण पूर्वग्रहदूषित आहे.

उत्तरकाळ :
कोळसा खाणींवरील 'किंग कोल' (१९१७), 'ऑइल!' (१९२७), साको व व्हान्झेट्टी खटल्यावरील 'बोस्टन' (१९२८) या कादंबऱ्यांतून त्यांनी हाच विषय पुढे नेला. १९३४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत ते पराभूत झाले. 'ड्रॅगन्स टीथ' या कादंबरीस १९४३ मध्ये पुलित्झर पारितोषिक लाभले.

निष्कर्ष :
१९६७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर स्वाक्षरी केली, त्या समारंभास ८९ वर्षांचे सिंक्लेअर निमंत्रित होते. तो कायदाही मांसाच्या शुद्धतेचाच होता. साहित्य अन्याय उघड करू शकते. परंतु त्यातील कोणता अन्याय दूर करावयाचा, हे वाचकवर्गाचे हितसंबंध ठरवितात. म्हणून साहित्याचा सामाजिक परिणाम अभ्यासताना लेखकाच्या हेतूइतकाच वाचकाचाही इतिहास तपासणे आवश्यक ठरते.