विद्युत् अपोहन
विद्युत् अपोहन : विद्युत् प्रवाहाच्या साहाय्याने खाऱ्या पाण्यातील लवणांचे आयन (विद्युत् भारित अणू वा अणुगट) पटलांमधून पलीकडे नेऊन पाणी गोडे करण्याची पद्धती. ऊर्ध्वपातनात लवणातून पाणी वेगळे केले जाते. येथे उलट पाण्यातून लवण काढले जाते. पाण्याच्या मानाने लवण थोडे असल्यामुळे ही वाट तत्त्वतः काटकसरीची आहे. तथापि ती व्यवहारात उतरण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

तिचा उगम पाण्यासाठी नव्हे, तर साखरेसाठी झाला. १८९० च्या सुमारास मेग्रो व सबाते यांनी साखरेच्या पाकातील लवणे काढण्यासाठी तीन कप्प्यांचे पात्र योजिले. मधल्या कप्प्यात पाक आणि बाजूंच्या कप्प्यांत विद्युत् अग्रे, अशी त्याची रचना होती. परंतु ही पटले निवडक नव्हती. शिवाय एका कप्प्यासाठी अग्रांची एक जोडी लागे व अग्रांपाशी पाण्याचेच विघटन होऊन बरीच ऊर्जा वाया जाई.

१९४० मध्ये के. एच. मायर व डब्ल्यू. स्ट्राउस यांनी केवळ धनायनांना व केवळ ऋणायनांना वाट देणारी पटले एकाआड एक मांडण्याची कल्पना पुढे आणली. धनायन ऋणाग्राकडे व ऋणायन धनाग्राकडे निघाले की, दर दुसऱ्या कप्प्यातील पाणी गोडे व त्याच्या शेजारच्या कप्प्यातील अधिक खारट होत जाते. तोच प्रवाह सर्व कप्प्यांत काम करीत असल्यामुळे अग्रांपाशी होणारी हानी शेकडो कप्प्यांत विभागली जाते. या पद्धतीतील खरी क्रांती हीच म्हणावी लागेल. उणीव होती ती टिकाऊ पटलांची. वॉल्टर जूडा व डब्ल्यू. ए. मक्‌रे यांनी १९५० मध्ये आयन-विनिमय रेझिनांची सलग पटले तयार करून ती भरून काढली.

कॅलिफोर्नियातील कोलिंगा गावाच्या विहिरींचे पाणी पिण्यायोग्य नव्हते व पिण्याचे पाणी रेल्वेच्या टाक्यांतून आणावे लागे. १९५९ च्या सुमारास तेथे विद्युत् अपोहनाचा संच सुरू झाला. मात्र १९६५ मध्ये व्यस्त तर्षणाचा (दाबाखाली पटलातून पाणी पलीकडे नेण्याचा) पहिला व्यापारी संचही याच गावी उभा राहिला. सागरी पाण्यासाठी पुढे तीच पद्धती सरस ठरली. याचे कारण साधे आहे : ५८·५ ग्रॅ. मीठ हलविण्यास प्रत्येक कप्प्यात किमान ९६,४८५ कुलंब विद्युत् भार खर्ची पडतो. लिटरला २ ग्रॅ. लवण असलेल्या मचूळ पाण्यास हे परवडते, ३५ ग्रॅ. असलेल्या सागरी पाण्यास नाही. जपानमध्ये मात्र याच पद्धतीने सागरी पाणी संहत करून मीठ काढतात. १९७२ पासून तेथील मिठागरांची जागा या पद्धतीने घेतली.

पटलांवर बसणारी चुनखडीची पुटे ही जुनी डोकेदुखी होती. १९७० नंतरच्या दशकात अग्रांची ध्रुवता तासातून तीन-चार वेळा उलटविण्याची युक्ती आल्यावर ती बरीच कमी झाली. भारतात भावनगर येथील केंद्रीय लवण व सागरी रसायन संशोधन संस्थेने (स्थापना १९५४) देशी पटले व संच विकसित केले.

सच्छिद्र कार्बनाच्या अग्रांवरच आयन साठवून पटले टाळण्याचा प्रयत्न ओक्लाहोमा विद्यापीठात १९६० च्या सुमारास ब्लेअर व मर्फी यांनी केला. १९९० नंतर कार्बन एरोजेलामुळे त्यास पुन्हा चालना मिळाली. परंतु अग्रांवर विरुद्ध भाराचे आयन येत असता आधीचे सम भाराचे आयन बाहेर ढकलले जातात व तेवढा विद्युत् भार वाया जातो. हे टाळण्यासाठी २००० नंतर या अग्रांसमोरही आयन-विनिमय पटले बसविण्यात येऊ लागली.