अंतकाळचे इच्छालेख आणि केरळांतील स्वयंसेवक

मृत्युपत्र या वर्गांतील कागद आमच्या वाचकांच्या दप्तरांत पुष्कळ असतील. घर कोणास, शेत कोणास, देणें कोणीं फेडावें, हे त्यांचे नित्याचे विषय. थोरले माधवराव पेशवे १७७२ च्या नोव्हेंबरांत थेऊरास वारले. त्याआधीं त्यांनीं जी नऊ कलमांची यादी करून ठेविली, तींतही कर्जाची फेड आणि प्रयाग-काशी सोडविणें हीं कलमें आहेत. आपल्या देहावर उपचार कोठवर व्हावेत, याविषयीं कलम नाहीं. कारण उघड आहे. श्वास चालविणारें यंत्रच जेथें नव्हतें, तेथें तें बंद करण्याचा प्रश्न कोठून यावा? आतुरसंन्यास घेणारा पुरुषही प्रैषोच्चार तोंडानें करी. त्यास साक्षीदारांच्या सह्या लागत नसत.

आतां मात्र देहाविषयींचा निराळा कागद अस्तित्वांत आला आहे. लोक त्यास ‘लिव्हिंग विल’ म्हणतात. आम्ही इच्छालेख म्हणतों. ९ मार्च २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायमूर्तींच्या पीठानें त्यास मान्यता दिली. बरें होण्याची आशा उरली नसतां व स्वतः बोलतां येत नसतां केवळ आयुष्य लांबविणारे उपचार नकोत, असें मनुष्यास शुद्धींत असतां लिहून ठेवितां येतें. प्रथम दोन साक्षीदारांखेरीज दंडाधिकाऱ्याचीही सही लागे. ती अट इतकी जाचक ठरली कीं, २४ जानेवारी २०२३ रोजीं न्यायालयानें ती काढून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांची साक्ष पुरेशी मानिली. साक्षीदार शक्यतों तटस्थ असावेत, हें कलम पूर्वींपासूनचें आहे व तें योग्यच आहे.

परंतु कागद होण्यापूर्वीं बोलणें व्हावें लागतें. घरीं जाऊन तें बोलूं शकेल असा मनुष्यवर्ग केरळांत या निकालापूर्वीं पंचवीस वर्षें तयार होऊं लागला होता. १९९३ सालीं कोझिकोडच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार प्रभृतींनीं वेदनाशमनाची संस्था काढली. रोगी दवाखान्यापर्यंत पोंचतच नाहीं असें दिसून आल्यावर पुढें मलप्पुरम व आसपासच्या जिल्ह्यांत शेजाऱ्यांचीं मंडळें उभीं राहिलीं. आठवड्यास निदान दोन तास देणाऱ्या कोणासही प्रवेश; सोळा तासांचे पाठ व चार दिवस देखरेखीखालीं प्रत्यक्ष काम; असे दहापंधरा जण मिळाले कीं गांवाचें मंडळ झालें. खर्च मुख्यतः गांवांतील बारीकसारीक देणग्यांतून चाले. तांदूळ पोंचविणें, मुलांच्या शाळेची सोय लावणें, हीं कामेंही याच लोकांकडे. २००८ सालीं केरळ सरकारनें या सेवेचें धोरण ठरविलें.

हा स्वयंसेवक वैद्य नव्हे, वकीलही नव्हे. त्याचें सामर्थ्य इतकेंच कीं, तो पुनःपुन्हां येतो. ‘शुश्रूषा’ या शब्दाचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. सेवा हा अर्थ मागाहून आला. पाणिनीय व्युत्पत्ति शिकवितांना आम्ही ती एक साधी सन्नन्त क्रिया म्हणून सोडून देत असूं. रोग्याच्या उशाशीं तिचा पहिला अर्थच खरा ठरतो. “त्यांस कांहीं सांगूं नका,” असें घरचे दारांतच बजावितात. रोगी आंत पडल्या पडल्या सर्व जाणून असतो, पण मुलांस दुःख होईल म्हणून तोही बोलत नाहीं. ही कोंडी पहिल्या भेटींत फुटत नाहीं. ती फुटण्यापूर्वीं छापील नमुना पुढें करून सही घेतली, तर ती इच्छा रोग्याची कीं मुलाची, हें पुढें कोणीं सांगावें?

जुन्या कागदाखालीं ‘बिकलम’ म्हणून लिहिणाराचें नांव येई, कुणब्याच्या नांवापुढें नांगराची निशाणी येई. त्यावरून बोलणारा कोण व लिहिणारा कोण हें आज आपणांस कळतें. इच्छालेखांत साक्षीदार आहेत, अधिकारी आहे. ज्याच्याजवळ मन उघडें झालें त्याचें नांव नाहीं. आमच्या मतें ही उणीव आहे. किती भेटी झाल्या, कोणत्या भाषेंत बोलणें झालें, वैद्यानें रोग केव्हां समजाविला, इतकें टिपण तरी सोबत असावें. मात्र स्वयंसेवकानें शब्द आपले घालूं नयेत, व वारसांपैकीं कोणाचाही तो आप्त नसावा.

जतनाचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. शंभर वर्षांनीं पेटींत कागद सांपडला तर आपण संशोधक हर्षभरित होतों. हा कागद एक दिवस उशिरा सांपडला तर फुकट. म्हणून २०२३ च्या आदेशांत एक प्रत स्थानिक संस्थेनें नेमलेल्या अधिकाऱ्याकडे देण्याची योजना आहे. २०२४ सालीं गोव्यांत मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनीं स्वतःचा इच्छालेख नोंदविला. महाराष्ट्रांत साध्या गृहस्थास ही वाट दाखविणारे शेजारी गांवोगांव मिळतील, असें आज म्हणवत नाहीं.

उपचार, औषध किंवा अंतकाळचें स्थान यांविषयीं रोग्याचें स्वतःचें म्हणणें नोंदलेला एखादा जुना मराठी कागद कोणाच्या संग्रहीं असल्यास, त्याची नक्कल लेखकाच्या नांवासह व निशाणीसह आम्हांकडे पाठवावी. मोडी वाचनाची अडचण असल्यास मूळ कागदाचें छायाचित्र चालेल.