ध्वनिमुद्रकाला शोधायचं कुठे?

दहिवलीत रात्री वाचत बसलं की कर्जतहून घाटाकडे निघालेल्या गाडीचा आवाज येतो आणि मला 'आलम आरा' आठवतो. १९३१ सालच्या या पहिल्या भारतीय बोलपटाचा स्टुडिओ मुंबईत रेल्वेलगत होता. आवाज चित्रणाबरोबरच मुद्रित व्हायचा. नंतर स्वच्छ करायची सोय नव्हती. म्हणून गाड्या थांबल्यावर, मध्यरात्रीनंतर काम चाले.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. पेणला १८९२ साली जन्मलेले विष्णुपंत दामले तुम्हाला 'संत तुकाराम'चे (१९३६) सहदिग्दर्शक म्हणून ठाऊक असतील. पण 'प्रभात'मध्ये बोलपट आले तेव्हा ध्वनिमुद्रणाचा विभाग त्यांनीच सांभाळला होता. हे किती जणांना माहीत असतं?

बघा, गंमत काय होते. इतिहास दिग्दर्शकाच्या नावाने लिहिला की तंत्रज्ञ गळतो; इथे तर माणूस एकच, तरी त्यातला ध्वनिमुद्रक गळला!

तेव्हा विषय निवडताना 'चित्रपट कोणाचा?' एवढंच विचारू नका. 'हा आवाज मिळवला कसा?' असं विचारा. श्रेयनामावली वाचा, मग एक प्रसंग डोळे मिटून ऐका, आणि तोच पुन्हा आवाज बंद करून बघा. नट कुठे थबकतो, कुठे वळून बोलतो, ते टिपा. माइक कुठे असेल याचा अंदाज तिथूनच बांधता येतो. तोही पुरावाच आहे.