मुक्या पंपाची परीक्षा

मोटारगाडीचा इतिहास सांगताना इंजिनाची थोरवी गायिली जाते, वेगाच्या विक्रमांची वर्णने होतात. परंतु टाकीतले पेट्रोल इंजिनापर्यंत पोचते कसे, या साध्या प्रश्नाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गाडी आडरानात थांबली म्हणजेच तो आठवतो. या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता यंत्रविद्येने विजेवर चालणारा एक चिमुकला पंप निर्माण केला; आणि विजेचा दोष कसा हुडकावा याचा धडा त्या पंपाने कित्येक मोटारधारकांना घालून दिला.

प्रारंभी हे काम गुरुत्वाकर्षणावरच सोपविलेले होते. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीच्या बहुतेक नमुन्यांत टाकी पुढच्या बैठकीखाली असे आणि पेट्रोल आपल्याच वजनाने कार्बोरेटरकडे उतरे. टाकी रिकामी होत आली आणि समोर उभा चढ लागला, की पेट्रोलपेक्षा इंजिनच उंचावर जाई. मग चालक गाडी वळवून उलट्या गतीने घाट चढत. पुढे इंजिनाच्या शोषणावर पेट्रोल ओढणाऱ्या निर्वात टाक्या आल्या. पण लांब चढावर, इंजिनाला पेट्रोलची सर्वांत जास्त गरज असे नेमक्या त्याच वेळी, त्यांची ओढ मंदावत असे. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंजिनाच्या गतीवर चालणारे यांत्रिक पंप रूढ झाले. ते भरवशाचे खरे. परंतु इंजिनाला चिकटून असल्यामुळे ते तापत, आत पेट्रोलची वाफ धरे आणि पुरवठा खुंटे.

या अडचणीवर विजेचा उपाय इंग्लंडमधील एस. यू. कंपनीने पुढे आणला. एस. यू. म्हणजे ‘स्किनर्स युनियन’. पादत्राणांच्या व्यवसायातील एका घराण्यात जन्मलेल्या स्किनर बंधूंनी ही कंपनी १९१० साली स्थापिली. त्यांचे नाव झाले ते कार्बोरेटरमुळे. १९२६ साली विल्यम मॉरिस यांनी ती विकत घेतली. १९२९ साली कंपनीने ‘पेट्रोलिफ्ट’ हा विजेचा पंप काढला, आणि १९३२ साली त्याची जागा ‘एल’ जातीच्या सुधारलेल्या पंपाने घेतली. पुढे मॉरिस, एम. जी., जॅग्वार अशा अनेक ब्रिटिश गाड्यांत या घराण्यातील पंप बसले. १९४८ साली अवतरलेल्या मॉरिस मायनर गाडीतही तो होता; हीच गाडी उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्सने ‘बेबी हिंदुस्तान’ या नावाने भारतात आणली.

या पंपाची रचना मोठी चतुराईची आहे. आत एक विद्युच्चुंबक व एक लवचीक पडदा असतो. प्रवाह सुरू झाला की चुंबक पडद्याला ओढतो आणि टाकीकडून पेट्रोल आत येते. ओढ पुरी होताच एक कलती कळ विजेचे पॉइंट उघडते. प्रवाह तुटतो, स्प्रिंग पडद्याला परत ढकलते आणि पेट्रोल पुढे जाते. पडदा मूळ जागी आला की पॉइंट पुन्हा मिटतात. अशा प्रत्येक फेऱ्याला ‘टक्’ असा आवाज होतो. कार्बोरेटर भरला की पेट्रोलला पुढे जाण्यास वाट उरत नाही. पॉइंट उघडेच राहतात आणि पंप विसावतो. म्हणून धडधाकट गाडीत किल्ली फिरविताच काही वेळ टकटक होते, ती मंदावते आणि थांबते. चालू इंजिनात ती खर्चाच्या मानाने अधूनमधून ऐकू येते.

हा आवाज म्हणजे पंपाची नाडीच होय. अखंड व घाईची टकटक चालली असून पेट्रोल मात्र पोचत नसेल, तर टाकी रिकामी आहे किंवा शोषणाच्या नळीत कोठून तरी हवा शिरते आहे; विजेला दोष देण्याचे कारण नाही. टकटक अगदी संथ असेल, तर नळीत वा जाळीत घाण साचल्याचा संशय घ्यावा. पंप अगदीच मुका झाला असेल, तर मात्र विजेच्या परीक्षेला आरंभ करावा.

मुक्या पंपावर पान्याने हलकेच टिचकी मारण्याचा रिवाज मोटारधारकांत फार जुना. पुष्कळदा त्या टिचकीने पंप बोलू लागे, आणि रोग बरा झाला असा समज होई. वस्तुतः रोग आतच असे. त्याचे कारण विजेच्या इतिहासात शोधावे लागते. गुंडाळीतील प्रवाह एकाएकी तोडला की तोडल्या जागी ठिणगी उडते, ही गोष्ट अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३२ साली वर्णिली होती. या पंपात प्रवाह प्रत्येक टोल्याला तुटतो, आणि दर वेळी ठिणगी पॉइंटांचा कण जाळते. त्यांवर काजळी धरते, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि एके दिवशी पॉइंट मिटूनही प्रवाह वाहत नाही. टिचकीने ती काजळी क्षणभर हलते, इतकेच. फिझो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५३ साली विद्युत्प्रवर्तन गुंडाळीची ठिणगी कंडेन्सरने आवरली होती; तोच उपाय या पंपांतही योजला गेला, व पुढे त्याची जागा डायोडने घेतली. मात्र डायोडला विजेची दिशा कळते. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. अशा गाडीची जोडणी उलटी करून पंपाचा डायोड तसाच ठेवला, तर तो जळतो.

परंतु सर्वांत फसवा दोष पंपाबाहेरच दडलेला असतो. व्होल्टमीटर लावावा तर तो पुरे १२ व्होल्ट दाखवितो, आणि तरीही पंप हलत नाही. अशा वेळी पंपच निकामी ठरवून नवा आणला जातो, आणि पैसे खर्चूनही गाडी जागची हलत नाही. या कोड्याचा उलगडा जर्मन शिक्षक गेओर्ग ओम यांनी १८२७ साली प्रसिद्ध केलेल्या नियमात आहे. समजा, पंपाच्या गुंडाळीचा विरोध ३ ओम आहे, आणि गंजलेल्या एका जोडानेही तितकाच विरोध उभा केला आहे. मग ४ अँपिअरऐवजी २ अँपिअरच प्रवाह वाहतो, आणि १२ व्होल्टांपैकी ६ वाटेतच खर्ची पडतात. पण पंपाची तार सोडवून मोजल्यास प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. म्हणून जोडावर काहीच खर्च होत नाही आणि काटा निःशंकपणे १२ दाखवितो. तात्पर्य, दाब मोजावयाचा तो पंपावर भार असताना. साधा टेस्ट लॅम्पही या कामी उपयोगी पडतो, कारण तो स्वतः प्रवाह घेतो. तो मिणमिणला तर वाटेत कोठेतरी अडथळा आहे हे उघड होते. तारेइतकाच संशय सांगाड्याला जोडलेल्या परतीच्या तारेचाही घ्यावा; गंज व चिखल यांचा मारा तिच्यावरही होतो. ही सारी परीक्षा पेट्रोलच्या सान्निध्यात चालते, म्हणून तार सांगाड्याला घासून ठिणगी पाहण्याची सवय सर्वथा त्याज्य होय.

काळ बदलला तशी पंपाची जातही बदलली. १९६७ साली बॉशने फोक्सवागेन १६०० या गाडीसाठी इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठा बाजारात आणला. जुन्या पंपाला चौरस इंचास एक-दोन पौंडांचा दाब पुरे. या नव्या व्यवस्थेस सुमारे ३० पौंड लागत. टकटक गेली आणि अखंड फिरणारी मोटर आली. पुढे ती बहुधा टाकीतच पेट्रोलमध्ये बुडवून बसविली जाऊ लागली. अशा अनेक गाड्यांत किल्ली फिरविताच पंप क्षणभर घुमतो व इंजिन सुरू होईपर्यंत थांबतो. आज त्या गाड्याही जुन्या झाल्या आहेत. त्यांत घुमण्याचा आवाज न आल्यास प्रथम फ्यूज, मग रिले, काही गाड्यांत अपघाताच्या धक्क्याने पुरवठा तोडणारे बटण, आणि शेवटी भाराखालील दाब, असा क्रम धरावा लागतो.

यंत्र बदलले तरी परीक्षेचे तत्त्व बदललेले नाही. आधी कान द्यावा, मग प्रवाहाच्या वाटेने एकेक जोड तपासावा, आणि वाट निर्दोष ठरल्यावरच पंपाला हात घालावा. एवढा धीर धरणाऱ्याला कित्येकदा असे आढळून येते, की पंप शाबूत होता. रुसला होता तो तारेचा एक गंजका जोड.